कावासाकीची पाटी

तामा नदी तोक्योच्या दक्षिणेस समुद्राला मिळण्यापूर्वी आपल्या उजव्या तीरालगत ज्या लांबट आणि चिंचोळ्या भूभागाला कित्येक कोस सोबत घेऊन जाते, तो भूभाग म्हणजे कावासाकी शहर होय. १६२३ साली तोकाइदो ह्या राजमार्गावरील मुक्कामाचे ठाणे म्हणून त्याची नोंद झाली, तीनशे वर्षांनी, १९२४ च्या जुलैत, त्याला शहराचा दर्जा मिळाला, आणि दरम्यानच्या काळात खाडीच्या बाजूस भराव घालून उभारलेल्या पोलादाच्या, सिमेंटच्या व रसायनांच्या कारखान्यांनी त्याची कीर्ती आणि त्याची हवा ही दोन्ही काळवंडून टाकली. परंतु मला ज्या कावासाकीविषयी लिहावयाचे आहे ते धुरांड्यांचे कावासाकी नव्हे. १९२७ साली, मुख्यत्वे नदीच्या पात्रातील वाळू व रेती वाहून आणण्याच्या उद्देशाने, जो नांबू लोहमार्ग ह्या शहराच्या कण्यासारखा अंथरला गेला, त्या मार्गावरील पाचसात स्थानकांच्या टापूत गणकयंत्रांच्या इतिहासाचा एक मोठा आणि आपल्याकडे फारसा न वाचला गेलेला अध्याय घडला. आज आपल्या टेबलावरचा तळहाताएवढा संगणक सुरू होता होत नाही, तेव्हा त्या न होण्याचे मूळ कारण शोधीत गेले असता वाट ह्याच टापूत येऊन पोहोचते.

कावासाकी स्थानकाच्या पश्चिमेस, जेथे आज लाझोना नावाची मोठी बाजारपेठ उभी आहे, तेथे १९०८ पासून विजेच्या दिव्यांचा कारखाना होता. हाच कारखाना चालविणारी कंपनी १९३९ साली दुसऱ्या एका जुन्या कंपनीत मिळून पुढे तोशिबा ह्या नावाने जगाला परिचित झाली. त्याच तोशिबाची संशोधनशाळा नदीच्या वळणापाशी कोमुकाई येथे आहे. लोहमार्गाने पुढे गेल्यास मुकाइगावारा हे स्थानक लागते. त्याचे १९४० सालचे नाव ‘निप्पॉन देन्की-माए’, म्हणजे ‘निप्पॉन इलेक्ट्रिकच्या समोर’, असे होते, आणि ज्या कंपनीस आज आपण एनईसी म्हणतो तिचा तामागावा कारखाना तेथे १९३६ पासून आहे. आणखी दोन स्थानके पुढे मुसाशी-नाकाहारा येथे फुजित्सूचे बस्तान असून तिने १९५४ साली रिले जोडून बनविलेले आपले पहिले गणकयंत्र, फाकोम १००, तयार केले. तीन घराणी एकाच रुळावर, एकमेकांपासून थोड्या मिनिटांच्या अंतराने नांदत होती. ज्या नदीतील वाळू वाहण्यासाठी हा रूळ टाकला, त्याच रुळाने पुढे वाळूच्याच कुळातील सिलिकॉनवर काम करणाऱ्यांची रोज ने-आण केली, ह्या योगायोगापाशी मी दरवेळी थबकतो.

आता ज्या व्याधीचा हा इतिहास आहे, तिचे स्वरूप सांगितले पाहिजे. ज्याला व्यवहारात नुसते ‘बोर्ड’ म्हणतात आणि ज्याला एकपाटी संगणक म्हणावयास हरकत नाही, त्यात प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याच्या खिडक्या ही सर्व सामग्री एकाच पाटीवर बसविलेली असते. त्याला वीज दिली की तांबडा दिवा लागतो. मग हिरवा दिवा लुकलुकावा, पडद्यावर अक्षरे उमटावीत, अशी अपेक्षा असते. पण पुष्कळदा तसे घडत नाही. तांबडा दिवा जळत राहतो, हिरवा निपचित असतो, पडदा काळा राहतो. ज्यांनी ह्या बोर्डांवर काम केले आहे त्यांना ही शांतता चांगली ठाऊक आहे. ‘बूट होत नाही’ एवढ्या तीन शब्दांत तिचे वर्णन संपते, पण तिची कारणे मात्र अनेक, आणि त्यांतील बहुतेक कारणांचा धागा एकाच प्रश्नाशी जाऊन बांधलेला असतो: ह्या यंत्राला जागे होताच जे पहिले शब्द वाचावयाचे आहेत ते कोठे लिहून ठेवले आहेत, आणि ते अद्याप शाबूत आहेत काय?

हा प्रश्न समजण्यास आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेतील साहित्य उपयोगी पडेल. तेथे धूळपाटी असे. फळीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवावे आणि हाताच्या एका झटक्यात ते नाहीसे करावे. लिहिणे सोपे, पुसणे सोपे, परंतु वाऱ्याची झुळूक आली तरी लेखन गेले. संगणकाच्या ज्या स्मृतीला रॅम म्हणतात ती ही धूळपाटी, आणि वीज जाणे ही तिची झुळूक. दुसऱ्या टोकाला ताम्रपट. एकदा कोरला की राजे गेले, राजवटी गेल्या, तरी अक्षर तसेच. पण चुकले तर चुकलेलेच कायम. ज्या स्मृतीतील मजकूर कारखान्यातच कोरला जातो ती रॉम म्हणजे हा ताम्रपट होय. ह्या दोहोंच्या मधली, म्हणजे वीज गेल्यावरही टिकणारी आणि तरीही पुसून पुन्हा लिहिता येणारी पाटी मनुष्याला फार दिवस हवी होती. ती स्वस्तात मिळण्याचा मार्ग कावासाकीत निघाला. परंतु त्याआधी त्या टापूशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका पाटीची हकीकत सांगणे क्रमप्राप्त आहे.

३ ऑगस्ट १९७६ रोजी एनईसीने टीके-८० नावाचा संच बाजारात आणला. किंमत ८८,५०० येन. तो कंपनीच्या संगणक विभागाने आणलेला नव्हता, अर्धवाहकांचा धंदा पाहणाऱ्या मंडळींनी आणलेला होता. आणि एनईसीच्या अर्धवाहकांचे नाव तामागावा कारखान्याशी दीर्घकाळ जोडलेले आहे. काझुया वातानाबे ह्यांच्या हाताखाली तोमिओ गोतो ह्यांनी त्याची आखणी केली. हेतू अगदी मर्यादित होता: सूक्ष्मप्रक्रियक नावाची नवी वस्तू विकावयाची तर ती वापरावयाची कशी हे अभियंत्यांना शिकविले पाहिजे, आणि त्यासाठी एक शिकवणीची पाटी हवी. सुटे भाग पेटीत घालून दिलेले असत. विकत घेणाराने घरी बसून सोल्डरिंग करावे, वीजपुरवठ्याची सोयही स्वतः करावी. कायमची स्मृती ७६८ बाइट, तात्पुरती ५१२ बाइट, पंचवीस कळा आणि आठ आकडे दाखविणारी तांबड्या दिव्यांची एक पट्टी, एवढाच तिचा संसार. आजच्या एका साध्या छायाचित्रासाठी जेवढी जागा लागते तिच्यात असल्या हजारो पाट्यांची सारी स्मृती मावेल.

त्या काळी ही पाटी जागी कशी होत असे, हे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. तिच्यावरील ८०८० जातीच्या प्रक्रियकाची रीत अशी की, रीसेट होताच त्याने शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर जावे आणि तेथे जे लिहिले असेल ते निमूटपणे आचरावे. त्या शून्य पत्त्यापासून ७६८ बाइटांचा ‘मॉनिटर’ नावाचा लहानसा कार्यक्रम ठेवलेला असे. तोच कळांवर लक्ष ठेवी, दिव्यांच्या पट्टीवर आकडे उमटवी आणि मालकाने सांगितलेल्या पत्त्यापासून मालकाचा कार्यक्रम चालवी. मध्ये दुसरा कोणी कारभारी नव्हता, की कार्ड, फाइल अशी कोणतीही दप्तरे नव्हती. शून्य पत्त्यावरचा हुकूम शाबूत असेल, विजेची पातळी योग्य असेल आणि टाके पक्के असतील, तर पाटी जागी झालीच पाहिजे.

म्हणून त्या काळच्या बिघाडांचे मूळ बहुधा कथिलात आणि तांब्यात सापडे. एखादा टाका वरून चकचकीत पण आतून सुटा राही, ज्याला आपल्याकडील रेडिओ दुरुस्त करणारे ‘ड्राय सोल्डर’ म्हणत. एखाद्या चिपचा पाय खोबणीत न शिरता पोटाखाली दुमडला जाई. पाच आणि बारा व्होल्टच्या तारांची अदलाबदल होऊन सगळ्याच भागांचा बळी जाई. अभियंत्यांसाठी काढलेली ही वस्तू अभियंता नसलेल्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि नुसत्या जिज्ञासूंनीही उचलली, आणि त्यांतील अनेकांच्या हाती सोल्डरिंगची कांडी प्रथमच आलेली होती. एनईसीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तोक्योतील आकिहाबारा भागात, रेडिओ काइकान ह्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर ‘बिट-इन’ नावाचे दालन उघडले. तेथे नादुरुस्त पाटी काखोटीला मारून यावे, आपली अडचण मांडावी, समोरच्या माणसाने भिंग लावून टाके तपासावेत, असा परिपाठ सुरू झाला. दुरुस्तीची ही सार्वजनिक ओसरी मला त्या यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. बिघाड ही लपविण्याची गोष्ट नसून चारचौघांत उलगडून दाखविण्याची गोष्ट आहे, हा संस्कार घरगुती संगणकाच्या जन्माबरोबरच तेथे रुजला. पुढे १९७९ साली ह्याच मंडळींनी पीसी-८००१ हा पूर्ण संगणक आणला, आणि ती कथा निराळी आहे. शेजारच्या घराण्यांनीही, म्हणजे तोशिबाने ईएक्स-८० आणि फुजित्सूच्या भागीदारीतील पानाफाकोम कंपनीने एलकिट-१६, अशा आपापल्या शिकवणीच्या पाट्या काढल्या.

टीके-८० चे एक सुख आणि एक दुःख होते. सुख हे की तिच्या मॉनिटरला मालकाच्या हातून इजा होण्याचे भय जवळजवळ नव्हते. दुःख हे की मालकाने रात्रभर बसून कळांनी भरलेला कार्यक्रम धूळपाटीवर असे; वीज तुटली आणि बॅटरीची जोड दिलेली नसली की सारा उद्योग व्यर्थ. तो टिकवावयाचा तर कॅसेटच्या फितीवर ध्वनिरूपाने उतरवून ठेवावा लागे आणि त्यासाठी निराळे मंडल जोडावे लागे. ज्यांना कायमचे लेखन हवे असेल त्यांच्यासाठी १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन ह्यांनी शोधलेली ईप्रॉम होती. तिच्या पाठीवर स्फटिकाची एक चिमुकली खिडकी असे. त्या खिडकीतून जंबुपार किरण वीस-तीस मिनिटे आत सोडले की सारा मजकूर पुसला जाई, आणि चिप पुन्हा लिहिण्यास मोकळी होई. कारागीर खिडकीवर कागदाचा तुकडा चिकटवून ठेवीत, कारण उन्हात पडलेली चिप हळूहळू आपले पाठ केलेले विसरते असा अनुभव होता. विजेनेच पुसता येणारी दुसरी जातही निघाली होती, आणि तिच्यात एकेक बाइट वेगळा पुसण्याची सोय होती; पण त्या सोयीपायी प्रत्येक बिटाला दोन ट्रान्झिस्टर लागत, जागा वाढे आणि किंमत इतकी चढे की सामान्य यंत्रात तिचा निभाव लागत नसे.

ह्या ठिकाणी फुजिओ मासुओका ह्यांचा प्रवेश होतो. १९४३ साली गुन्मा प्रांतातील ताकासाकी येथे जन्मलेले, तोहोकु विद्यापीठात जुन-इची निशिझावा ह्यांच्यासारख्या अध्वर्यूच्या हाताखाली शिकलेले हे गृहस्थ १९७१ साली तोशिबात दाखल झाले. संशोधनात मुरलेल्या ह्या माणसाने मध्यंतरी काही काळ विक्रीचे काम पाहिले, आणि माझी अशी समजूत झाली आहे की पुढच्या शोधाचे बीज प्रयोगशाळेपेक्षा ह्या बाजारपेठेतच पडले असावे. गिऱ्हाइकाच्या दारी उभे राहिल्यावर त्यांना कळून आले की चिपच्या अंगी असलेल्या सूक्ष्म गुणांचे कौतुक करण्यास कोणाला सवड नाही; दर बिटामागे किंमत किती, एवढेच विचारले जाते. तेव्हा किंमत उतरवावयाची तर काय सोडून देता येईल, असा उलटा विचार त्यांनी आरंभिला.

त्यांनी सोडले ते एकेक अक्षर पुसण्याचे स्वातंत्र्य. शाळेतील पाटीवरचे एक अक्षर बोटाने पुसावयाचे म्हटले तर बोट नेमके, सावकाश आणि शेजारच्या अक्षराला धक्का न लावता फिरवावे लागते; पण सारी पाटीच ओल्या फडक्याने एका हाताने पुसून काढावयाची तर त्या नाजुकपणाचे प्रयोजनच उरत नाही. मासुओकांनी प्रत्येक बिटाजवळचा तो नाजूक बोटाचा ट्रान्झिस्टर काढून टाकला, आणि पुष्कळ बिटांचा एक गट एकदम पुसला जाईल अशी रचना केली. बिटामागे एकच ट्रान्झिस्टर उरला. १९८० साली ह्या कल्पनेच्या एकस्वाचा अर्ज दाखल झाला आणि १९८४ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रॉन उपकरण परिषदेत निबंध वाचला गेला. नाव कसे पडले त्याचीही हकीकत प्रसिद्ध आहे: शोजी आरीइझुमी ह्या सहकाऱ्याला एकदम होणारे ते पुसणे पाहून छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटाची आठवण झाली, आणि त्याने ‘फ्लॅश’ हा शब्द सुचविला. ज्या शहरात तीन पिढ्या दिवे बनत आले, तेथील स्मृतीला नावही प्रकाशाचेच मिळाले.

कंपनीने आरंभी ह्या शोधाला जे माप लावले ते फारच उणे होते, हे इतिहासाने उघड केले आहे. इंटेलने मात्र त्याचे मोल ओळखले आणि १९८८ साली आपली फ्लॅश चिप बाजारात आणली. दरम्यान १९८७ साली मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. पहिल्या रचनेत प्रत्येक कोशिकेला बाहेरच्या तारेशी स्वतंत्र जोड असे. नव्या रचनेत कित्येक कोशिका एकीपुढे एक अशा पंक्तीत ओवल्या गेल्या, आणि जोड फक्त पंक्तीच्या टोकांना राहिली; जागा आणखी वाचली, किंमत आणखी उतरली. हिलाच आज नँड फ्लॅश म्हणतात, पहिलीला नॉर. मासुओका १९९४ साली तोशिबा सोडून तोहोकु विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ साली त्यांनी आपल्या शोधाचा योग्य मोबदला म्हणून एक अब्ज येनांचा दावा जुन्या कंपनीवर लावला, आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. ह्या प्रकरणात बाजू कोणाची घ्यावी ह्याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. शोधाचा दाखला संशोधकाच्या नावे, आणि त्याची मिळकत मात्र सर्वस्वी संस्थेच्या नावे, ही वहिवाट जपानमध्ये दीर्घकाळ चालली. ती कायदेशीर असेल, न्याय्य खचित नव्हती.

येथपर्यंत कथा यशाची आहे. परंतु मासुओकांनी किमतीसाठी ज्या दोन गोष्टी सोडल्या, त्यांची वसुली आजही आपल्या टेबलावर चालू आहे, आणि मला विशेषेकरून तेच सांगावयाचे आहे.

पहिली वसुली पंक्तीची. नँडमध्ये कोशिका पंक्तीत ओवलेल्या असल्यामुळे मधलाच एखादा बाइट क्षणात उचलता येत नाही. पानच्या पान बाहेर काढावे लागते. ८०८० जसा शून्य पत्त्यावर जाऊन थेट हुकूम वाची, तसे नँडवरून वाचता येत नाही. म्हणून प्रक्रियकाच्या पोटातच कोरलेला एक लहानसा ताम्रपट ठेवावा लागला. त्याने नँडवरून किंवा कार्डावरून पहिला छोटा तुकडा उचलून प्रक्रियकाच्या आतल्या इवल्याशा रॅममध्ये ठेवावा. त्या तुकड्याने बाहेरची मोठी रॅम सज्ज करून दुसरा, अधिक मोठा कारभारी आत आणावा. त्याने मग मुख्य प्रणालीला पाचारण करावे. असली ही कारभाऱ्यांची उतरंड झाली. ह्यांतील ‘यू-बूट’ हा कारभारी आज असंख्य बोर्डांवर आढळतो, आणि त्याची उभारणी व्होल्फगांग डेंक ह्या जर्मन अभियंत्याने केली. टीके-८० मध्ये जेथे एकच सनद होती तेथे आता चार ठिकाणच्या सह्या लागतात, आणि त्यांतील एक जरी जुळली नाही तरी दरबार भरत नाही.

दुसरी वसुली फडक्याची. एकदा गट पुसण्याची रचना पत्करली की त्या गटातील एक अक्षर बदलण्यासाठीदेखील सारा गट वाचून बाजूला ठेवावा, पाटी पुसावी आणि दुरुस्त मजकूर पुन्हा लिहावा, असा क्रम पडतो. कार्डाच्या आत बसलेला नियंत्रक हे काम शहाणपणाने करतो, नवा मजकूर दुसऱ्याच गटात लिहून मागाहून जुना पुसतो. तरीही लिहिणे आणि नोंदवही अद्ययावत करणे ह्यांच्या मधल्या क्षणी वीज गेली तर पाटी अर्धी जुनी, अर्धी नवी, किंवा अर्धी कोरी राहते. बोर्ड ‘फ्लॅश करताना’ मरतो तो बहुधा ह्याच क्षणी. ज्याला पुसावयाचे आहे त्यातच यंत्राला उठविणारे पहिले शब्द आहेत, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्याचा हा प्रकार आहे. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक कोशिकेभोवतालचे ऑक्साइडचे पातळ कवच थोडे थोडे झिजते. काही हजार वेळा, उत्तम जातीत लाखभर वेळा, आणि मग ती कोशिका लिहिलेले धरून ठेवीनाशी होते.

१९९९ साली तोशिबा, मात्सुशिता आणि सॅनडिस्क ह्या तिघांनी मिळून एसडी कार्डाची घोषणा केली. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे संगीत आणि छायाचित्रे होती. कोणी ह्या कार्डावर संगणकाची सारी प्रणाली ठेवून ती रात्रंदिवस चालवील, अशी कल्पना त्यांनी केली असेल असे वाटत नाही. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून रास्पबेरी पाय हा स्वस्त बोर्ड विक्रीस आला आणि त्याने नेमके तेच केले. शिकवणीसाठी काढलेली पाटी अपेक्षेबाहेर खपावी, ही टीके-८० चीच कथा छत्तीस वर्षांनी पुन्हा घडली. फरक एवढाच की आता जागे होण्याचे शब्द कार्डावर होते, आणि कार्ड मालकाच्या खिशात, तापल्या गाडीत, किंवा बाजारातल्या नकली मालाच्या ढिगात होते.

निदानाची रीत त्यातून ठरत गेली आणि तिचा क्रम अनुभवाने पक्का झाला. आधी वीज पाहावी. चार्जरवर पाच व्होल्ट लिहिलेले असतात, पण बारीक तारेतून बोर्डापर्यंत येता येता ते ओसरतात; रास्पबेरी पायच्या बऱ्याच जातींत ४.६३ व्होल्टच्या खाली उतरले की यंत्रच अपुऱ्या विजेचा इशारा देते, आणि माझ्या अनुभवात ‘बूट होत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी मोठा वाटा एका चांगल्या तारेने निकाली निघाला आहे. मग कार्ड: प्रणालीची प्रतिमा त्यावर उतरविताना ती पूर्ण उतरली काय, उतरल्यावर वाचून ताडून पाहिली काय, कार्डावर लिहिलेली क्षमता खरी आहे काय. त्यानंतर हिरव्या दिव्याची भाषा. तो चार वेळा लुकलुकला तर ‘स्टार्ट’ नावाची फाइल सापडली नाही, सात वेळा तर प्रणालीचा गाभा सापडला नाही, आठ वेळा तर स्मृतीतच दोष. आठ आकड्यांच्या पट्टीवर पत्ता आणि मजकूर दोन्ही दाखविणारी टीके-८० आपल्या मालकाशी जेवढे बोलत असे, तेवढेही बोलणे ह्या सहस्रपट सामर्थ्यवान वारसाला पडद्यावाचून येत नाही. एका दिव्याच्या उघडझापीवर त्याला भागवावे लागते. मला हे खरोखरीचे नुकसान वाटते. म्हणून जाणते लोक तीन तारांची सीरियल जोडणी करून बोर्डाचे पहिले पुटपुटणे दुसऱ्या संगणकावर वाचतात. ज्याला ही जोडणी येते त्याला निम्मे रोग ऐकूनच कळतात.

पुढच्या आखणीकारांनी एक शहाणपण केले. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये जागे करण्याचा कार्यक्रम बोर्डावरील वेगळ्या चिपमध्ये ठेवला, म्हणजे तोही पुसता येऊ लागला आणि म्हणून बिघडूही शकला. परंतु प्रक्रियकाच्या पोटातील ताम्रपटाला असा हुकूम कोरून ठेवला की त्याने ती चिप वाचण्यापूर्वी कार्डावर ‘रिकव्हरी’ नावाची फाइल आहे काय ते पाहावे. ती सापडली तर चिप नव्याने लिहिली जाते आणि काम फत्ते झाल्याची खूण म्हणून हिरवा दिवा एका लयीत भराभर लुकलुकत राहतो. इतरही अनेक बोर्डांत असा न पुसला जाणारा तळचा थर असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची काही ना काही वाट ठेवलेली असते.

ती वाट मला एकदा चालावी लागली. एका बोर्डावर नवी प्रतिमा चढवीत असताना, मे महिन्यातल्या दुपारी, वळवाचा वारा सुटला आणि आमच्या गल्लीतली वीज गेली. ती वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तांबडा दिवा लागला, हिरवा लागला नाही. तार बदलली, चार्जर बदलला, कार्ड बदलले; सीरियल जोडणीवर एक अक्षर उमटेना. बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये अर्धवट लिहिलेला कारभारी बसला होता, आणि ताम्रपट दरवेळी इमानाने त्यालाच हाक मारीत होता. दोन दिवस मी तो बोर्ड गेला असेच धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी नकाशा उघडून फ्लॅशच्या घड्याळतारेचा बिंदू शोधला, धातूच्या चिमट्याचे एक टोक त्या बिंदूवर आणि दुसरे जमिनीच्या बिंदूवर टेकविले, आणि तसाच धरून वीज दिली. फ्लॅश वाचता येईना, तेव्हा ताम्रपटाने तिचा नाद सोडला आणि यूएसबीच्या तारेवर आपली हजेरी लावून तो हुकुमाची वाट पाहू लागला. शेजारच्या संगणकाच्या यादीत एक नवी ओळ दिसली. चिमटा काढला, पहिला छोटा तुकडा त्याच तारेने आत पाठविला, मग फ्लॅश पुसून सारी प्रतिमा नव्याने लिहिली, आणि ती संपेपर्यंत मी खिडकीतून झाडांचे शेंडे हलतात काय ते पाहत बसलो होतो. ते हलत नव्हते. वीज काढून पुन्हा दिली. सीरियलच्या काळ्या चौकटीत प्रथम रॅमची मोजदाद झाल्याची ओळ उमटली, तिच्या खाली यू-बूटचे नाव आले, आणि त्यानंतर अक्षरे इतक्या वेगाने धावू लागली की ती वाचणे मी सोडून दिले.